तिरकमठा की क्रॉसबो? विदर्भातल्या हरणाच्या शिकारीचा हिशोब

मेट्रोत असाल, ऑफिसच्या कॅबमध्ये असाल, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर फुटाळ्याला चक्कर मारत असाल, आजचा विषय थोडा वेगळा आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिखित भाग.

सुरुवात करूया ऑगस्ट २०२३ पासून. बर्लिनमध्ये तिरंदाजीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू होती. फायनलमध्ये आपल्या नागपूरचा ओजस देवतळे, वय २१. समोर पोलंडचा खेळाडू. १५ बाण, आणि १५० पैकी १५० गुण. समोरच्याचे १४९. ओजस विश्वविजेता झाला. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी महिलांमध्ये विश्वविजेती झाली.

आता ओजसच्या हातातलं धनुष्य आठवा. दोन टोकांना चाकं, मधे केबल्सचं जाळं. त्याला म्हणतात कंपाउंड बो. हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या अमेरिकन माणसाला १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. चाकांमुळे दोरी पूर्ण मागे ओढली की हातावरचा भार एकदम कमी होतो, त्यामुळे नेम धरून थांबता येतं. आपल्याकडे हे स्पर्धेचं साधन आहे. अमेरिकेत मात्र लाखो लोक हेच घेऊन हरणाच्या शिकारीला जातात. आणि तिथे एक जुनं भांडण आहे: हरणासाठी उभं धनुष्य चांगलं की क्रॉसबो?

क्रॉसबो म्हणजे लाकडी दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी ओढून खटक्यात अडकवायची, बाण ठेवायचा आणि बंदुकीसारखा घोडा दाबायचा. उभ्या धनुष्यवाल्यांचं म्हणणं, ही चीटिंग आहे, यात मेहनतच नाही. क्रॉसबोवाल्यांचं म्हणणं, नेम चांगला लागतो, जनावर तडफडत नाही, मग तक्रार कसली? तिथल्या बऱ्याच राज्यांनी तर अनेक वर्षं धनुष्याच्या सीझनमध्ये क्रॉसबो फक्त वयस्कर किंवा अपंग शिकाऱ्यांपुरता ठेवला होता. नंतर हळूहळू बाकीच्यांना मोकळीक मिळाली.

हे सगळं वाचताना मला प्रश्न पडला की आपल्याकडे काय होतं? गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, खानदेश इथे शेकडो वर्षं धनुष्याने शिकार झाली. मराठीत त्या साध्या बांबूच्या धनुष्यबाणाला छान शब्द आहे: तिरकमठा. मग आपल्या जंगलात क्रॉसबो का नाही दिसत? आणि तिरकमठ्याचं पुढे काय झालं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कडू निघालं.

आधी थोडं इंजिनिअरिंग

घाबरू नका, बारावीच्या फिजिक्सच्या पुढे जाणार नाही.

बाणाला मिळणारी ऊर्जा दोन गोष्टींवर ठरते. दोरी किती जोराने ओढली आणि किती अंतर ओढली. उभं धनुष्य आपण छातीपासून कानापर्यंत ओढतो, अंतर भरपूर मिळतं. जुन्या क्रॉसबोमध्ये दोरी जेमतेम वीतभर सरकते. समजा धनुष्याचा जोर ५० पौंड आणि ओढ २० इंच: गुणाकार १०००. क्रॉसबोचा जोर १५० पौंड, पण ओढ ७ इंच: गुणाकार १०५०. म्हणजे जोर तिप्पट लावूनही हातात जवळपास तेवढंच पडतं.

मग क्रॉसबोचा फायदा कुठे? ताणून ठेवता येतो. हात थरथरत नाही, शिकायला सोपा. धनुष्य चांगलं चालवायला लहानपणापासून सराव लागतो, क्रॉसबो नवख्याला काही दिवसांत जमतो. म्हणूनच चीनने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी काशाचे खटके मोठ्या संख्येने ओतून सैन्याच्या हातात क्रॉसबो दिले. मातीच्या सैनिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या छिन सम्राटाच्या समाधीजवळ असे खटके सापडले आहेत.

पण शिकारीत खरा खेळ वेगळाच आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर लेटन्सीचा.

चितळाचे कान माहिती आहेत ना? दोरी सुटल्याचा 'टण्' आवाज बाणाच्या आधी त्याच्यापर्यंत पोचतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. साध्या बांबूच्या धनुष्याचा बाण धरा सेकंदाला ५० मीटर. हरीण ३० मीटरवर असेल तर आवाज ०.०९ सेकंदात पोचतो आणि बाण ०.६ सेकंदात. मधे अर्धा सेकंद उरतो. तेवढ्यात हरीण खाली दबतं, उसळी मारतं, आणि बाण चुकतो. त्याहून वाईट म्हणजे भलतीकडे लागतो.

आजचा आधुनिक क्रॉसबो घ्या, सेकंदाला ११० मीटर. त्याच ३० मीटरवर बाण ०.२७ सेकंदात पोचतो. आवाजाचे ०.०९ वजा केले की हरणाला उरतात फक्त ०.१८ सेकंद.

आता तेच साधं बांबूचं धनुष्य घ्या, पण ३० ऐवजी १० मीटरवरून. बाण ०.२ सेकंद, आवाज ०.०३ सेकंद. फरक ०.१७.

आकडे परत बघा. महागड्या क्रॉसबोने ३० मीटरवरून जे साधतं, ते बांबूचं धनुष्य १० मीटरवरून साधतं. एकाने मशीन वापरलं, दुसऱ्याने हरणाच्या २० मीटर जास्त जवळ जायची अक्कल वापरली. वारा कुठून येतोय, पानं कुठे वाळलीत, वानर झाडावरून बघतंय का, चितळ पाण्यावर कधी येतं, हे सगळं त्या २० मीटरमध्ये आलं.

मग आपल्या जंगलात क्रॉसबो का नाही?

भारतात क्रॉसबो नव्हताच असं नाही बरं का. निकोबार बेटांवर तो होता. ईशान्येकडे नागा टेकड्यांत आणि अरुणाचलच्या काही भागांत होता. तिथून पुढे म्यानमार, लाओस, व्हिएतनामच्या डोंगरांत तर तो सर्रास दिसतो. आणि तो पूर्ण लाकूड-बांबूचा बनतो, लोखंडी खटका लागतच नाही. म्हणजे 'आपल्याकडे तंत्रज्ञान नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

मध्य भारतात मात्र उभ्या धनुष्याचंच राज्य राहिलं. माझा अंदाज असा की गरजच पडली नाही. भिल्लांचं धनुष्य बघा. दांडा बांबूचा, आणि गंमत म्हणजे दोरीसुद्धा बांबूच्या चिरलेल्या पट्टीची. पावसात ताताची दोरी सैल पडते, ही टिकते. तुटली तर दहा पावलांवर नवा बांबू उभा आहे. स्पेअर पार्टचं दुकान जंगलातच. विकत घ्यायचं ते फक्त बाणाचं लोखंडी पातं, आणि ते गावाजवळचा लोहार देतो. पाखरांसाठी बोथट टोकाचे बाण वेगळे, मोठ्या जनावरासाठी रुंद पात्याचे वेगळे.

शिवाय मोठी शिकार एकट्याची नसायचीच. गडचिरोलीतले माडिया आणि पलीकडे बस्तरमधले त्यांचे भाऊबंद यांच्यात पारध म्हणजे अख्ख्या गावाचं काम. काही जण हाका देत जनावर हाकणार, काही जण ठरलेल्या वाटेवर दबा धरून बसणार, मांसाचे वाटे ठरलेल्या रिवाजाने होणार. पेरणीच्या आधी येणाऱ्या विज्जा पंडुम या बियाण्याच्या सणाला अशा पारधीची जोड असायची. जनावर धावत तुमच्या पुढ्यातून जाणार असेल, तर एक बाण सुटल्यावर दुसरा पटकन लावता आला पाहिजे. एकदा भरायला वेळ घेणारा क्रॉसबो तिथे काय कामाचा?

आणि विदर्भातल्या हरणाच्या सगळ्यात तरबेज शिकाऱ्याने तर दोन्ही वापरलं नाही. फासेपारधी. नावातच उत्तर आहे. वाटेवर फास लावायचे आणि जनावर त्यात हाकायचं. 'पारधी' हा शब्दच पारधीवरून आला. संस्कृतात शिकारीला 'मृगया' म्हणतात, तो 'मृग'वरून, आणि मृग म्हणजे मुळात कुठलंही रानातलं जनावर. इंग्रजीतल्या 'डिअर'चीही तीच गोष्ट, आधी अर्थ 'जनावर', मग नुसतं हरीण. दोन्हीकडे शिकार म्हटलं की डोळ्यासमोर आधी हरीणच यायचं, असं दिसतं.

हरीण कोणाचं?

इथून गोष्ट शस्त्राची राहत नाही.

आधी इंग्लंडमध्ये जाऊन येऊ, कारण आपल्याकडे जे झालं ते तिथे आधी घडलं होतं. तिथे राजाच्या राखीव जंगलातलं हरीण राजाचं. गावातल्या माणसाने मारलं तर गुन्हा. १५४१ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात कायदा झाला की वर्षाला १०० पौंडांचं जमिनीचं उत्पन्न नसेल, तर क्रॉसबो आणि हातबंदूक वापरायची नाही. तेव्हा १०० पौंड म्हणजे फार मोठी रक्कम. क्रॉसबो चांगला की धनुष्य, हा वाद कायद्याने असा मिटवला: क्रॉसबो श्रीमंतांचा, धनुष्य बाकीच्यांचं, आणि राजाचं हरीण त्या बाकीच्यांचं नाहीच.

आता नागपूरला परत या. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी. ज्या शहराची उभारणी देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने केली, त्याच शहरातून आता गोंडांच्या जंगलाचा कारभार इंग्रज चालवू लागले. १८७८ मध्ये दोन कायदे आले. वन कायद्याने राखीव जंगलं आखली. तिथे नियम मोडून शिकार करणं, फास लावणं हा गुन्हा ठरला. शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लावला, पण युरोपियनांना नियमांत सूट होती. पुढे १९१२ मध्ये पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, १९२७ मध्ये नवा वन कायदा.

साहेबांची शिकार मात्र सुरू होती. जंगलाचे ब्लॉक पाडलेले, परमिट काढायचं, फी भरायची, मचाणावर बसायचं. आणि हाका कोण देणार? गावातलेच गोंड. माग कोण काढणार? तेच. कॅप्टन जेम्स फॉर्सिथचं 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे १८७१ चं पुस्तक, किंवा वनाधिकारी डनबार ब्रँडरचं १९२३ चं मध्य भारतातल्या वन्यप्राण्यांवरचं पुस्तक, या प्रांतातल्या शिकारीबद्दल वाचायचं तर लोक याच पुस्तकांकडे जातात. हाका देणाऱ्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत.

जरा विचार करा. तोच माणूस, तेच जंगल, तेच चितळ, तेच कसब. साहेबासाठी माग काढला तर मजुरी. स्वतःच्या घरासाठी तिरकमठा उचलला तर चोरशिकार.

पारध्यांचं तर अजून वाईट. १८७१ च्या गुन्हेगार जमात कायद्याची चौकट पुढे वाढत गेली आणि पारध्यांच्या काही गटांवरही जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. हा शिक्का कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. लोकांच्या मनातून तो किती पुसला गेलाय, ते तुम्हाला माहीतच आहे.

हरणं गेली कुठे?

आता दुसरी बाजू, कारण हरणांची बाजू पण आहे.

हरणं खरंच कमी होत होती. कान्हा आज मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होतं. तिथल्या बारशिंग्याची संख्या १९७० पर्यंत ६६ वर आली. साठच्या दशकात जॉर्ज शॅलर नावाचा शास्त्रज्ञ कान्हात राहून गेला. हरीण आणि वाघ यांच्यावरचं त्याचं १९६७ चं पुस्तक आजही अभ्यासक वाचतात. कारणं बरीच होती: गवताळ कुरणं घटली, गुरांची चराई, रोग, शिकार. आणि स्वातंत्र्यानंतर शिकारीचं रूप बदललं होतं. जीप आली, स्पॉटलाइट आला. रात्री गाडीतून प्रकाश मारायचा, डोळे चमकले की गोळी घालायची. त्यात ना वारा बघायचा, ना २० मीटर जवळ सरकायचं.

म्हणून बंदी आवश्यकच होती, यात मला शंका नाही. ताडोबात १९३५ मध्ये शिकारीवर बंदी आली आणि १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. ताडोबा हे नावसुद्धा तारू या गोंड गावप्रमुखावरून आलं असं सांगतात, जो वाघाशी झुंजताना मेला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यात काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळायची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीत गेली. या कायद्याने 'शस्त्र' कशाला म्हणायचं त्याची यादी दिलीय. बंदूक, स्फोटकं, विष, फास, जाळं यांच्या सोबत धनुष्यबाणाचंही नाव आहे. स्पॉटलाइटवाली जीप आणि बांबूचा तिरकमठा आता एकाच रांगेत.

कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. मेलेल्या हरणाला काय फरक पडतो? पण दोघांनी किती नुकसान केलं आणि दोघांनी काय गमावलं, याचा हिशोब सारखा नाही. जीपवाल्याचा छंद गेला. तो दुसरा छंद शोधेल. पारध बंद झाली तिथे गावाचं मांस गेलं, सणातला एक भाग गेला, आणि मुलाला जंगल शिकवायची एक रीत गेली.

बांबू परत मिळाला, बाण नाही

२००६ चा वनहक्क कायदा बहुतेकांनी ऐकलाय. पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्यांचे हक्क त्याने मान्य केले. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड गाव. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. पण बांबूवरून तिढा राहिला. बांबू म्हणजे झाड की गवत? झाड म्हटलं की तो वनखात्याचा, आणि कागद गिरण्यांना तर तो वर्षानुवर्षं करारावर मिळत होता. शेवटी २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास द्यायचा अधिकार ग्रामसभेकडे आला. गावाने आपला बांबू आपण विकला.

म्हणजे ज्या बांबूचं धनुष्य बनतं, तो बांबू परत मिळाला.

पण याच कायद्यात एक ओळ आहे. बाकीचे परंपरागत हक्क चालू राहतील, शिकार आणि फास लावण्याचा परंपरागत हक्क सोडून. अगदी स्पष्ट शब्दांत. धनुष्य घरात ठेवा, नाचात घ्या, लग्नात मिरवा, स्पर्धेत मारा. जंगलात जनावरावर नाही.

हा हक्क परत द्या, असं मी म्हणत नाहीये. आज विदर्भात तारेचे फास आणि वीजप्रवाह सोडलेल्या तारा यांनी हरणं मरतात, वाघही मरतात. त्यात अजून एक दार उघडणं मला पटत नाही. अमेरिकेत हरणं प्रचंड वाढलीत, बऱ्याच भागांत त्यांना खाणारे लांडगे उरले नाहीत, म्हणून तिथे शिकारी ते काम करतो आणि १९३७ च्या एका कायद्याखाली शिकारीच्या साहित्यावरच्या करातून जंगलासाठी पैसा पण जातो. आपल्याकडे ते काम वाघ, बिबट आणि रानकुत्री करतात. त्यांच्या ताटातलं आपण घेऊ नये.

फक्त एक गोष्ट मान्य करूया. ताडोबात सकाळच्या सफारीला चितळांचा कळप बघून आपण फोटो काढतो, त्या कळपाची किंमत कुणीतरी मोजली आहे. ती तिकिटाच्या पैशांत येत नाही. ज्यांनी सगळ्यात कमी नुकसान केलं, त्यांनी सगळ्यात जास्त सोडलं. म्हणून जंगलाच्या उत्पन्नात, गाइडच्या कामात, वनरक्षकाच्या भरतीत त्यांच्या मुलांचा वाटा मोठा असायला हवा. तो उपकार नाही, येणं आहे.

आणि ते २० मीटर अजून पूर्ण गेलेले नाहीत. पुढच्या वेळी सफारीला गेलात आणि गाइडने एकदम गाडी थांबवायला सांगून म्हटलं, "थांबा जी, चितळ कॉल देऊन राहिलं," तर मोबाइल खाली ठेवून त्याच्याकडे बघा. तो नुसता आवाज ऐकत नाहीये. आवाज कुठल्या बाजूने आला, कळपाची तोंडं कुठे वळली, वाघ कुठल्या वाटेने निघेल, हे तो जोडतोय. तेच ज्ञान, आता बाण न सोडता.

जाता जाता एक कामाची सूचना. क्रॉसबो विकत घेऊन 'जरा रानात ट्राय करू' म्हणणारा एखादा मित्र असेल, तर त्याला सांगा, चितळावर, सांबरावर, भेकरावर नुसता प्रयत्न केला तरी कायद्यात ती शिकारच धरतात. नेम चुकला म्हणून सुटका नाही. धनुष्याची हौस असेल तर तिरंदाजीच्या मैदानावर जा, ओजसने तेच केलं.

आणि घरी आजी-आजोबा गडचिरोली, गोंदिया, मेळघाट, नंदुरबारकडचे असतील तर त्यांना विचारा, तिरकमठ्याला तुमच्याकडे काय म्हणायचे, दोरी कशाची असायची, वाटे कसे पडायचे. रेकॉर्ड करून ठेवा. फोन आहेच हातात.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या!